माउस ट्रबल : टॉमनं पुस्तक मागवलं, आमच्या बाबांनी पिंजरा आणला

रेटिंग आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्याला पूर्ण वाचायचा कंटाळा असेल तो मोकळा. 'माउस ट्रबल' या टॉम अँड जेरीच्या कार्टूनला पाचपैकी पावणेपाच. उंदराच्या पिंजऱ्याला दोन. आणि तो गम लावलेला चिकट पुठ्ठा मिळतो ना, त्याला शून्य, शून्याच्या खाली जायची सोय असती तर खाली गेलो असतो. आता सविस्तर. कूलरपुढे बसून टाइप करून राहिलो, वाऱ्यानं डोळे मिटतात, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

तर नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस) लागायला चार दिवस बाकी, बाहेर पारा ४५ च्या आसपास, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि ताई पुण्याहून पोराला घेऊन आलेली. भाचा आठ वर्षांचा. आल्या दिवशीच त्यानं मला विचारलं, "मामा, तू 'करून राहिलो' का म्हणतोस? करतोय म्हण ना." म्हटलं बेटा तू नागपुरात आहेस, इथं सगळेच करून राहिले असतात, दोन आठवडे थांब, तू पण करून राहशील. (चौथ्या दिवशी "आजी, उंदीर कुठं लपून राहिला?" असं विचारून राहिला होता. ताईचं तोंड पाहण्यासारखं.)

उंदराचं मूळ कूलरमध्ये. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या खोलीतून कूलर खाली उतरवला, मागच्या सालच्या ताट्या बदलायला काढल्या, तर एका ताटीच्या आत व्यवस्थित घरटं. वूडवूल, पेपरचे तुकडे, कोणाच्यातरी लग्नपत्रिकेची सोनेरी किनार आणि आईच्या गोधडीतला कापूस. आत कोणी नव्हतं. मी मोठ्या हौसेनं सगळं झटकून फेकून दिलं आणि त्याच रात्री साहेब खाली राहायला आले. आपणच घर मोडलं म्हटल्यावर तो जाणार कुठं.

आता आमचे बाबा. रिटायर्ड माणूस, वस्तू कुठलीही असो, तिच्यासोबत आलेला कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार आणि नंतर फाइलला लावणार. आमच्याकडे १९९० सालच्या मिक्सरचा कागद अजून आहे, मिक्सर नाही. हे मुद्दाम सांगून राहिलो कारण ज्या कार्टूनबद्दल लिहायचंय त्यातला टॉम म्हणजे थेट आमचे बाबा, फक्त शेपूट नाही.

माझ्याकडे टॉम अँड जेरीच्या जुन्या शॉर्ट्सची, म्हणजे छोट्या कार्टून फिल्म्सची, एक डीव्हीडी पडून होती. प्लेअर कधीच गेला, पण लॅपटॉपला बाहेरचा ड्राइव्ह जोडला, वायर टीव्हीला दिली आणि झालं चालू. पोट्ट्याला मोबाइलमधून बाहेर काढायला एवढंच हत्यार होतं माझ्याकडे. तो आधी म्हणाला, "हे तर जुनं आहे." जुनं म्हणजे किती, तर १९४४ चं. माझे बाबासुद्धा जन्मले नव्हते तेव्हा. दुसरं महायुद्ध चालू, आणि अमेरिकेत एमजीएम या फिल्म स्टुडिओच्या कार्टून विभागात विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा हे दोघं बसून मांजराच्या डोक्यात काय काय हाणता येईल याचा विचार करून राहिले होते.

गोष्ट दोन ओळींची आहे. टॉमला पोस्टानं एक पुस्तक येतं, उंदीर कसा पकडावा. प्रकाशकाचं नाव 'रँडम माउस', म्हणजे 'रँडम हाउस' या खऱ्या प्रकाशकाच्या नावाची नक्कल, हा जोक मला तिसाव्या वर्षी कळला, लहानपणी नुसतं पुस्तक दिसायचं. मग टॉम एकेक धडा उघडतो, धड्यात सांगितलं तसं करतो, आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी मार खातो. बस. सात मिनिटांचा मामला. पण हीच तर खरी कारागिरी आहे, कारण एरवी टॉम जेरीच्या मागं धावतो तेव्हा तो भुकेपोटी नाहीतर रागापोटी धावतो. इथं तो विद्यार्थी आहे. पुस्तक हातात धरून, भुवया वर करून, बोट ओळीवर ठेवून वाचणारा सिन्सियर विद्यार्थी. आणि सिन्सियर माणूस पडला की जास्त हसू येतं, तुम्ही कितीही नाही म्हणा.

पहिला धडा, उंदीर शोधा. दुसरा, साधा सापळा लावा. टॉम सापळा लावतो, जेरी येतो, चीज आरामात काढून घेतो आणि निघून जातो, सापळा ढिम्म. मग टॉमला प्रश्न पडतो की हा वाजला कसा नाही, म्हणून तो स्वतः हात लावून पाहतो. पुढचं सांगायची गरज नाही. पण पाहा, टॉम हात लावायच्या आधी एक छोटासा थांबा आहे. तो सापळ्याकडे पाहतो. आपण त्याच्याकडे पाहतो. आपल्याला माहीत आहे, त्याला माहीत नाही, आणि तो एक-दीड सेकंद कोणी घाईनं कापलेला नाही. माझ्या मते टॉम अँड जेरीची सगळी कमाई या थांब्यांमध्ये आहे. मार तर कोणीही मारेल हो, मार पडायच्या आधी किती वेळ थांबायचं हे हॅनाला कळत होतं, जोडीमध्ये टायमिंगचं काम त्याचंच होतं आणि गॅग्ज अन् चित्रं बार्बेराकडे. सेकंदाला २४ फ्रेम, त्यातल्या कितीव्या फ्रेमला हातोडा लागणार हे आधी ठरलेलं, आणि मग संगीतकार स्कॉट ब्रॅडली त्याच हिशेबात ऑर्केस्ट्रा बसवणार. डोळे मिटून नुसतं ऐकून पाहा एकदा, टॉम दबकत चालून राहिला की पळून राहिला की आता पडणार, सगळं कळतं. संवाद जवळजवळ नाहीच. म्हणून तर अकोल्यातल्या पोराला पण कळते आणि जपानमधल्या पोराला पण.

टॉम ओरडतो तो आवाज, तो जो "आऽऽऽऊ" करून पोटातून येतो, तो हॅनाचा स्वतःचा आहे. डायरेक्टर स्वतः माइकपुढं उभा राहून बोंबलायचा. हे भाच्याला सांगितलं तर त्यानं दिवसभर तोच आवाज काढला, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खाली येऊन विचारलं की कोणाला विंचू चावला काय.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. धडा असा की कोंडीत सापडलेला उंदीर कधीच उलट लढत नाही. टॉम खूश. जेरीला कोपऱ्यात घेतो. त्यानंतर टॉमची जी अवस्था होते ती पाहा, चेहऱ्याचा नकाशा बदललेला, डोळे काळे-निळे, आणि तो पडद्यातून सरळ आपल्याकडं पाहून थकलेल्या, खोल, भुतासारख्या आवाजात म्हणतो, "डोन्ट यू बिलीव्ह इट." विश्वास ठेवू नका. ऐंशी वर्षं झाली पण कोचिंग क्लासची जाहिरात, गुंतवणुकीचा व्हिडिओ, "हे एक काम करा आणि पोट कमी करा" असलं काहीही पाहिलं की माझ्या डोक्यात तोच आवाज वाजतो. भाच्याला इंग्रजी नीट कळत नाही असं ताई म्हणत होती, पण हे वाक्य त्याला पहिल्या झटक्यात पाठ झालं आणि त्यानंतर घरात कोणीही काहीही बोललं की उत्तर हेच. आजी म्हणाली आज लवकर झोपायचं, डोन्ट यू बिलीव्ह इट. बाबा म्हणाले उद्या उंदीर नक्की सापडणार, डोन्ट यू बिलीव्ह इट.

स्टेथोस्कोपवाला तुकडा पण तसाच जबरी. टॉम भिंतीला स्टेथोस्कोप लावून उंदराच्या पावलांचा आवाज घेतो, अगदी डॉक्टरसारखा, आणि जेरी थेट त्या चकतीत ओरडतो. मग टॉम चिडून दोननळी बंदूक बिळात घालतो आणि नळ्या भिंतीतून वळून त्याच्याच डोक्यामागं बाहेर येतात. धाड. डोक्यावरचे केस गेले. आणि त्यानंतर टॉम नारिंगी रंगाचा विग घालतो आणि शेवटपर्यंत तो विग तसाच राहतो! ही साधी गोष्ट वाटते पण नाही. या कार्टून्समध्ये नेहमी काय होते की टॉमचे तुकडे झाले तरी पुढच्या सीनमध्ये तो नवाकोरा. इथं झालेलं नुकसान त्याच्यासोबत चालते. शेवटाकडं येईपर्यंत विग आहे, बँडेज आहे, अंगात काय काय अडकलेलं आहे, म्हणजे एखाद्या माणसाला घराचं बांधकाम काढल्यावर सहा महिन्यांनी पाहावं तसा दिसतो तो.

गिफ्टच्या खोक्याचा सीन पाहताना भाचा सोफ्यावरून खाली पडला, खरंच पडला. टॉम खोक्यात लपून बसतो, जेरी दारावर ठोकल्यासारखा खोका ठोकतो, उत्तर नाही. मग तो पिना खुपसतो. एक, दोन, भरपूर. मग करवत आणून खोका मधोमध कापतो. मग आत डोकावतो. आणि जेरीचा चेहरा असा पडतो, घशातून आवंढा जातो आणि आपल्यासमोर पाटी धरतो, घरात कोणी डॉक्टर आहे का. या एका पाटीवर मी हॅना-बार्बेराला माझ्याकडून वेगळा पुरस्कार देतो. करवत चालते तेव्हा आतलं काहीच दाखवलेलं नाही, सगळं आपल्या डोक्यात, आणि ते डोक्यातलं जेरीच्या चेहऱ्यावरून आपल्याला कळते. खरा पुरस्कार तर मिळालाच आहे, १९४४ चं ऑस्कर. त्या काळात यांचा धडाकाच होता, १९४३ ते १९४६ सलग चार वर्षं कार्टून शॉर्टचं ऑस्कर टॉम अँड जेरीला, एकूण सात. गंमत ही की ऑस्कर घ्यायला स्टेजवर जायचे प्रोड्यूसर फ्रेड क्विम्बी, आणि चित्र काढणारे, टायमिंग करणारे मागंच. ऑफिसात काम करणाऱ्या कोणालाही हे नवीन वाटणार नाही, माझ्या साहेबांबद्दल मी इथं काही लिहिणार नाही.

नावाची पण मजा आहे. १९४० साली पहिलं कार्टून आलं 'पुस गेट्स द बूट', तेव्हा मांजराचं नाव जॅस्पर होतं. टॉम नव्हताच. नंतर ऑफिसात स्पर्धा ठेवली आणि जॉन कार नावाच्या अ‍ॅनिमेटरनं टॉम आणि जेरी सुचवलं, बक्षीस ५० डॉलर. पन्नास. जगातली सगळ्यात चाललेली जोडी अन् नामकरणाचा खर्च पन्नास डॉलर, आमच्याकडे बारशाला याच्यापेक्षा जास्त लागले.

पाव मार्क का कापला तेही सांगतो. एक सीन आहे ज्यात टॉम चावीची खेळण्यातली उंदरीण सोडतो, ती कंबर हलवत जाते आणि "कम अप अँड सी मी समटाइम" म्हणते. ही मे वेस्ट नावाच्या त्या काळातल्या हॉलिवूडच्या नटीची नक्कल, तेव्हाच्या थिएटरात लोक फुटले असतील हसून, पण आज आठ वर्षांच्या पोराला ते का समजावं आणि मी ते समजावून का सांगावं. त्यानं विचारलं, "ती काय म्हणून राहिली?" मी म्हटलं चहाला ये म्हणून राहिली. बरं, त्यानंतर जे होते ते मात्र भारी, जेरी सभ्य माणसासारखा तिला आधी आत जाऊ देतो आणि ती जाते ती थेट टॉमच्या जबड्यात, टॉमचे दात तुटतात, खेळणं पोटात, आणि मग प्रत्येक उचकीला पोटातून तिचा आवाज. तर जोक कळला नाही तरी मार कळतो, म्हणून फक्त पाव मार्क.

दुसरी एक गोष्ट ताईनं काढली, की हे इतकं मारामारीचं पोराला दाखवायचं का. मी म्हटलं तुला आणि मला दाखवलं होतं ना. आमच्याकडे केबल आली तेव्हाची गोष्ट, कार्टून नेटवर्क १९९५ ला भारतात आलं, आणि रात्री नऊ वाजले की त्याच चॅनेलवर टीएनटी नावाच्या दुसऱ्या चॅनेलचे जुने इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे. नऊला पाच कमी असताना टॉम पळून राहिला असायचा आणि एकदम काळ्यापांढऱ्या सिनेमात कोणीतरी टोपीवाला माणूस सिगारेट पेटवायचा, तो आमच्या झोपायचा भोंगा. ताई तेव्हा टॉमसाठी रडायची. हे तिला आठवून दिलं तर म्हणाली, "रडायचे नाही मी, माझ्या डोळ्यात कूलरचा वारा जायचा." हाव ना.

मारामारीबद्दल माझं मत असं की पोरांना फरक कळतो, पण दुसरी एक गोष्ट मात्र खरंच सांगायला हवी. त्या काळच्या काही शॉर्ट्समध्ये घर सांभाळणारी काळी बाई आहे, फक्त पाय दिसतात तिचे, आणि तिचं बोलणं-चालणं ज्या पद्धतीनं दाखवलंय ते आज पाहताना खटकतं. स्फोट झाल्यावर चेहरा काळा करायचे जोकही तसलेच. 'माउस ट्रबल'मध्ये ती बाई नाही, म्हणून पोरासोबत सुरुवात यापासूनच करा असं मी सुचवीन. बाकीच्यात आलं तर थांबवून दोन वाक्यं बोला, बंद करायची गरज नाही.

त्याच दिवशी भाच्याला मी १९६१-६२ च्या काळातले, जीन डाइच नावाच्या दुसऱ्या डायरेक्टरनं प्रागमध्ये बनवलेले टॉम अँड जेरी पण दाखवले, १३ आहेत तसले. दोन मिनिटांत तो म्हणाला, "मामा, हा टॉम आजारी आहे का?" आवाज घुमतो, हालचाल तुटक, मार लागतो पण थांबा नाही. पैसे कमी, माणसं नवीन, त्यांचा दोष किती ते जाऊ द्या, पण आठ वर्षांच्या पोराला पण कळून राहिलं ना की काहीतरी गेलंय.

हां, आता पिंजऱ्याचं.

बाबांनी आधी आणला तो चिकट पुठ्ठा. पाकिटावरच्या सूचना त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचल्या. भिंतीलगत ठेवावा. उंदराच्या ये-जा करण्याच्या वाटेवर ठेवावा. हात लावू नये. पहिल्या रात्री त्यात दोन झुरळं आणि एक पाल सापडली. पाल जिवंत होती आणि शेपटी हलवत होती, भाचा ते पाहून जो रडायला लागला की आईनं देवघरातून उठून येऊन शेंगदाण्याचं तेल आणलं, थेंब थेंब सोडून, काडीनं हळूहळू सोडवली तिला, अर्धा तास गेला. तेल लावलं की तो गम सुटतो, हे पाकिटावर लिहिलेलं नव्हतं आणि लिहायला पाहिजे. दुसऱ्या रात्री पहाटे पाचला बाबाच त्यावर पाय ठेवून गेले. स्लीपर पुठ्ठ्याला, पुठ्ठा फरशीला, आणि बाबा भिंतीला धरून एका पायावर उभे. उंदीर त्या वेळी कुठून पाहून राहिला असेल देव जाणे. शून्य मार्क, कोणीही घेऊ नका, आणि घेतला असेल तर घरात तेल ठेवा.

मग बाबा स्वतः इतवारीच्या बाजारात जाऊन पिंजरा घेऊन आले, दीडशे रुपये, ४५ डिग्रीत स्कूटीवर, डोक्याला दुपट्टा बांधून. जुन्या पद्धतीचा, लाकडी पेटी, एका बाजूला तारेची जाळी, आत आकडा. आकड्याला खायचं लटकवायचं, उंदरानं ओढलं की वरची पट्टी सुटते आणि झाकण खाली. बाबांनी पहिल्या रात्री पोळीचा तुकडा लावला, काही नाही. दुसऱ्या रात्री भाच्यानं हट्ट करून चीजचा क्यूब लावायला लावला, कारण कार्टूनमध्ये चीजच असते. सकाळी क्यूबवर फक्त मुंग्या. नागपूरचा उंदीर आहे बे, त्याला चीज काय करायचं. तिसऱ्या रात्री आईनं संध्याकाळचा उरलेला आलूबोंडा लावला, म्हटलं बघू. सकाळी आलूबोंडा गायब, नुसता आकडा चमकून राहिला, थोडं बेसन खाली सांडलेलं, आणि झाकण उघडंच्या उघडं.

बाबांनी पिंजरा डायनिंग टेबलावर आणला. चष्मा लावला. आधी पेन्सिलनं आकडा हलवून पाहिला, झाकण पडलं नाही. पुन्हा हलवला. नाही. आम्ही सगळे चहा घेऊन बसलेलो. भाचा माझ्याकडे पाहून राहिला, मी भाच्याकडे, कारण आम्हा दोघांनाच माहीत होतं की पुढं काय, दोन दिवसांपूर्वीच पाहिलं होतं. मी "बाबा, थांबा" म्हणणार होतो, खरंच म्हणणार होतो. त्यांनी पेन्सिल ठेवली आणि बोट घातलं.

आवाज थोडाफार हॅनासारखाच आला.

बोटाला फार काही झालं नाही, नख जरा काळं पडलं, आईनं बर्फ लावला. भाचा हसला नाही, याचं मला कौतुक वाटलं. तो हळूच आबांच्या खुर्चीजवळ गेला आणि म्हणाला, "आबा, टॉमला पण असंच झालं होतं." बाबा म्हणाले, "कोण टॉम?" मग दुपारी त्यांना बसवून दाखवलं. आधी त्यांचं लक्ष पेपरमध्येच होतं, सापळ्याच्या सीनला त्यांनी पेपर खाली ठेवला, आणि शेवटी टॉम पुस्तक फाडतो आणि बिळाभोवती सगळा दारूगोळा रचून अख्खं घर उडवतो, जेरीचं बीळ तेवढं शाबूत, टॉम ढगावर बसून वर चाललाय आणि उचकीतून अजून तोच बाईचा आवाज येऊन राहिला, तेव्हा बाबा इतके हसले की खोकला लागला. मग म्हणाले, "त्यानं पुस्तक फाडायला नको होतं. तिथंच चुकला." बाबांचं परीक्षण माझ्यापेक्षा छोटं आणि बरं आहे.

आमच्या गल्लीतल्या बोक्याबद्दल कोणीतरी विचारेल म्हणून सांगतो, तो आहे, धष्टपुष्ट आहे, दिवसभर माझ्या गाडीखाली झोपतो. एकदा उंदीर त्याच्यासमोरून गेला तर त्यानं एक डोळा उघडून पाहिलं आणि बंद केला. १९४४ नंतर मांजरांनी काहीतरी धडा घेतलेला दिसतो.

पिंजऱ्याला दोन मार्क दिले ते याच्यासाठी की स्प्रिंग विश्वासाची नाही, पेन्सिलला पडत नाही, बोटाला पडते. बाबांनी त्यात शिलाई मशीनचं तेल घातलं, आता मस्त पडते, स्वतः दहा वेळा पाहिलं (पेन्सिलनं). तरी गेल्या चार दिवसांपासून रोज सकाळी तेच, खाणं गायब आणि झाकण उघडं. बाबांनी वही केली आहे, तारीख, काय लावलं, निकाल. सोमवारी आलूबोंडा, गेला. मंगळवारी सुकं खोबरं, गेलं. बुधवारी चिवडा पुडीत बांधून, पुडीसकट गेला. बाबांना आता राग येत नाही, ते रोज नवीन पदार्थाचा विचार करतात.

काल रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा अडीच वाजले होते. स्वयंपाकघरात मोबाइलचा उजेड. भाचा पिंजऱ्यापुढे उकिडवा बसून झाकणाची पट्टी सुतळीनं बांधून राहिला होता, गाठ मारायला जमत नव्हती, जीभ बाहेर काढून. मला पाहून दचकला. "सकाळी आबांच्या आधी उठून सोडतो मी," एवढंच म्हणाला. मी गाठ मारून दिली आणि झोपायला गेलो.

ते लोक शनिवारी पुण्याला चाललेत, तोवर पिंजऱ्याचं रेटिंग बदलत नाही. आज रात्रीसाठी बाबांनी संत्रा बर्फी आणली आहे, अर्धा किलो, त्यातला एक तुकडा आकड्याला.